माशी शिंकली कुठे? पहिल्या ट्राउटच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

उद्दिष्ट एका ओळीत: मासेमारीचा हंगाम संपायच्या आत फ्लाय रॉडवर एक ट्राउट, म्हणजे थंड ओढ्यातला मासा. एकच, आणि केवढाही चालेल. अट एवढीच की गाठी माझ्या, फेक माझी आणि मासा सोडायचाही मीच. शेजारी उभं राहून कुणी ‘आता ओढ!’ म्हणून ओरडलं तर तो मासा हिशोबात धरायचा नाही.

मावशीने तिची जुनी रॉड दिली. नऊ फुटी, पाच नंबरची, चार तुकड्यांत निघणारी. “मोडलीस तर सांग, लपवू नकोस,” एवढीच ताकीद. शिकव म्हटलं तर म्हणाली, “आधी महिनाभर गवतावर फेक. मग बघू.”

एक गोष्ट आत्ताच ठरवते. फ्लायला या वहीत ‘माशी’ म्हणणार. हुकावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. माशीने मासा धरायचा. पुढे माझंच अक्षर मला लागणार नाही, पण असू दे.

आजचं काम जोडणीचं. साध्या गळात वजन टोकाला असतं, शिसं किंवा आमिष. ते उडतं आणि मागून दोरी ओढत नेतं. इथे सगळं उलटं. माशीला वजन जवळजवळ नाहीच, म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. उडते ती दोरी, माशी नुसती तिच्या शेपटाला लटकून जाते. पाच नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. तेवढ्या वजनाने नीट वाकेल अशी रॉड, म्हणून तिचाही नंबर पाच.

रीलवर आधी बॅकिंग (तळाशी गुंडाळायची राखीव बारीक दोरी), त्यावर जाड रंगीत फ्लाय लाइन, तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा नऊ फुटी लीडर आणि सगळ्यात शेवटी केसासारखं टिपेट. टिपेटच्या जाडीचा हिशोब गमतीदार आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उरले ते इंचाचे हजारावे भाग. म्हणजे ५एक्स टिपेट ०.००६ इंच जाड. आकडा वाढला की धागा बारीक. सरळ जाडीच लिहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

लाइन आणि लीडर जोडणारी नेल नॉट पाच वेळा सुटली, सहाव्यांदा बसली. दुपार गेली.

५ मार्च, बुधवार

गवतावर पहिला तास. हुक नाही, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधला.

पाठ असा: शेजारी मोठं घड्याळ उभं आहे असं समजायचं. रॉड पुढे दहाच्या काट्यावर, मागे एकच्या काट्यावर. दोन्हीकडे ती थांबवायची. हळूहळू नाही, खाडकन. रॉड थांबते तेव्हा दोरी तिला ओलांडून पुढे निघते आणि हवेत एक वळसा उलगडत जातो. थांबली नाही तर वळसा होतच नाही, दोरी शेवयांसारखी खाली पडते.

आज शेवयाच झाल्या. लोकर डोक्यावर, मानेत, एकदा कोटाच्या कॉलरमध्ये. मध्येच चाबूक ओढल्यासारखा ‘फट्’ आवाज येत होता आणि मला वाटत होतं, वा, काय जोर आहे! रात्री मावशीला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. मागे दोरी सरळ व्हायच्या आत पुढे ओढलं की तो आवाज येतो. खरी माशी असती तर प्रत्येक ‘फट्’ला एकेक तुटून गेली असती.

९ मार्च, रविवार

मोजपट्टी घेऊन गेले. ७ मीटर. मग ८. आलेखाचा कागद आणून भिंतीवर तक्ता लावला: खाली तारखा, डावीकडे मीटर. मला आकडे वाढताना बघायला आवडतं, हे काही लपवून ठेवण्यासारखं नाही.

१६ मार्च, रविवार

फोन दगडाला टेकवून स्वतःची फिल्म घेतली. तोंडाने ‘दहा, एक, दहा, एक’ म्हणतेय आणि रॉड आठ ते चार फिरतेय. दोष मनगटाचा. मागे जाताना ते सैल सुटतं आणि रॉडचं टोक जवळजवळ गवताला लागतं. उपाय मावशीचा: रॉडचा मागचा बुंधा बाहीत खोवायचा, म्हणजे मनगट उघडायला गेलं की कापड ओढलं जातं. दहा मिनिटांत फरक पडला. १२ मीटर!

दुसरा दोष अजून आहे. लांब फेकायच्या नादात मी सगळा जोर सुरुवातीलाच लावते, मग रॉडचं टोक मध्येच बुडी मारतं, वळशाचा वरचा पदर खालच्या पदराला छेदतो आणि लीडरवर आपोआप गाठ बसते. या गाठींना ‘वाऱ्याच्या गाठी’ म्हणतात. वारा बिचारा निर्दोष असतो. अशी एक गाठ टिपेट फार कमजोर करते, म्हणून दर थोड्या वेळाने धागा बोटांतून ओढून बघायचा. आज चार निघाल्या.

२२ मार्च, शनिवार

परवाना हातात आला. पाण्यावर पहिला दिवस. ओढा दहा-बारा पावलं रुंद, गुडघ्याएवढा, मधूनमधून कमरेइतके डोह. पाणी ७ अंश.

गवत आणि पाणी यांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. गवताला झाडं नसतात. पहिल्या अर्ध्या तासात तीन माश्या मागच्या फांद्यांना अर्पण. मग रोल कास्ट आठवला: दोरी पाण्यावरून सावकाश मागे ओढायची, खांद्यामागे तिचा पोटासारखा फुगवटा लोंबू द्यायचा आणि पुढे झटका देऊन थांबायचं, की दोरी पाण्यावरूनच गुंडाळी उलगडत जाते. मागे जागा लागत नाही. हा गवतावर का जमत नव्हता तेही कळलं. पाणी दोरीला चिकटून धरतं, आणि त्या पकडीनेच रॉड वाकते. गवत कशाला धरेल?

मासा दिसला नाही. उलट्या दाताचे हुक मी आणलेलेच नाहीत, जे होते त्यांचे दात पक्कडीने दाबून टाकले होते. त्याचा पहिला लाभ मलाच झाला. चौथी माशी टोपीतून सहज निघाली.

गमावलेल्या माश्या: ५. (पाचवी कुठे गेली माहीत नाही.)

३० मार्च, रविवार

पाऊस. घरी गाठी. इम्प्रूव्ह्ड क्लिंच: हुकाच्या डोळ्यातून धागा, पाच वेढे, टोक पहिल्या फटीतून, मग मोठ्या फासातून. आवळण्याआधी थुंकीने ओला करायचा. कोरडा आवळला की घासून गरम होतो आणि तिथेच दुबळा पडतो.

बाकी वेळ वाचन. ईलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या एका नदीवरची रीत लिहून ठेवली आहे. तिथले लोक हुकाला लाल लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. लाल लोकर! मी महिनाभर तीच तर फेकतेय, फक्त हुक विसरले. त्यांची काठी सहा फुटी आणि दोरीही तेवढीच. सहा फूट दोरी म्हणजे दोन मीटरसुद्धा नाही. त्यांच्याकडे रील नव्हतं, करणार काय.

पाऊस थांबल्यावर तासभर गवतावर. १५ मीटर.

६ एप्रिल, रविवार

आज रॉड नेलीच नाही. मावशीचा हुकूम: “दगड उलटे कर आणि काय दिसतं ते लिहून आण.”

पाणी ९ अंश. चौदा दगड उलटले. जे दिसलं ते:

चपटे, चटकन तिरके पळणारे किडे, तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखी हलणारी कल्ल्यांची रांग. हे मेफ्लाय नावाच्या कीटकाचे निम्फ, म्हणजे पाण्यातली बिनपंखी पिल्लं, सगळ्यात जास्त. दोन शेपट्यांचे, दणकट पायांचे स्टोनफ्लायचे निम्फ मोजके, तेही खळाळत्या पाण्यातल्या दगडांखालीच. आणि कॅडिस या तिसऱ्या कीटकाच्या अळ्या. यांच्यावर मी अर्धा तास घालवला. बारीक खडे रेशमाने चिकटवून केलेली नळी आणि आत अळी. एका नळीत एक खडा लाल होता, बाकी सगळे करडे. मुद्दाम निवडला असेल का?

मेफ्लायची गोष्ट विलक्षण आहे. बराच काळ, काही जाती तर वर्षभर किंवा जास्त, दगडाखाली काढायचा. मग एक दिवस वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकायची आणि पंख वाळेपर्यंत होडीसारखं वाहत जायचं. ही पहिली पंखवाली अवस्था, डन. काठावरच्या पानावर बसून ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक नाही. मग शेवटची अवस्था, स्पिनर. तिला खाता येईल असं तोंडच नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि पाण्यावर पडायचं. ट्राउट या प्रवासात जागोजागी टपून बसलेला असतो, पण त्याचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं. पृष्ठभागावर आपल्याला दिसतं ते थोडंसं.

घरी आल्यावर माश्यांचा डबा उघडला आणि पहिल्यांदा काहीतरी ओळखू आलं. ती बारीक तपकिरी, तांब्याच्या तारेची, शेपटीला तीन-चार पिसतंतूंची माशी म्हणजे फेजंट टेल. इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा रखवालदार असलेल्या फ्रँक सॉयरची. तंतू बांधायला त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली, तेच वजन आणि तोच रंग. आजचा कल्ल्यांचा किडा पाण्यात पळताना असाच दिसत होता.

१२ एप्रिल, शनिवार

वारा. उजव्या खांद्याकडून. माशी कानाच्या पाळीला. दात दाबलेला होता म्हणून वाचले. चष्मा लावल्याशिवाय रॉड हातात घ्यायची नाही, हे मोठ्या अक्षरांत. परत आले.

२० एप्रिल, रविवार

आजची नोंद लांब होणार.

पाणी ११ अंश, आभाळ झाकोळलेलं. दुपारी दोनच्या सुमाराला मोठ्या डोहाच्या पलीकडच्या काठाला पाण्यावर वर्तुळ उमटलं. मग दुसरं. मासे खातायत! इतके दिवस गवतावर घाम गाळला तो याचसाठी. मी कमरेपर्यंत आत गेले आणि १५ मीटर फेकले. नंतर १६. वळसे सुरेख उलगडत होते. माशी वर्तुळाच्या वरच्या अंगाला अलगद उतरत होती. दीड तास. मासा माशीखालून निघून जायचा आणि तिच्यापासून वीतभर अंतरावरचा खरा किडा गट्ट करायचा.

मावशी आली तेव्हा मी चौथी माशी बदलत होते. ती काठावर बसून बघत राहिली. खूप वेळाने म्हणाली, “फेक छान झालीय गं तुझी.”

“मग माशी शिंकली कुठे?”

“बाहेर ये, दाखवते. हळू ये.”

हळू म्हणजे तिच्या हिशोबाने हळू. मी माझ्या हिशोबाने आले. काठापासून दोन पावलांवर, गुडघाभर पाण्यात, माझ्या पायाजवळून एक काळी सावली बाणासारखी डोहात गेली. तिच्यामागून आणखी एक.

“दोन,” मावशी म्हणाली. “सकाळपासून तिथेच असतील. तू त्यांच्या अंगावरून चालत आत गेलीस आणि पलीकडच्यांना मासे म्हणत बसलीस. काखेत कळसा.”

मग तिने मला काठावर बसवलं आणि पाणी वाचायला लावलं. जोराची धार जिथे संथ पाण्याला घासून जाते तिथे पाण्यावर एक रेघ दिसते, फेसाची, काड्यांची. ती पाण्याची शिवण. धार खाणं वाहून आणते, संथ बाजूला उभं राहायला कष्ट नाहीत. ट्राउट अशा शिवणीवर तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, कमी खर्चात जास्त मिळकत. दगडाच्या मागे तसा आडोसा असतो आणि पुढेही असतो. पुढची उशी कुणाच्या लक्षात येत नाही. आणि काठाखालची सावली.

त्याला वरचं जग एका गोल झरोक्यातून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. आपण त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने आणि वाकून गेलो, तर झरोक्याच्या काठाला चेपलेली एक पट्टी एवढेच आपण. ताठ उभे राहिलो की संपलं.

आता माझ्या १६ मीटरांचं. माशी पलीकडच्या संथ पाण्यात आणि दोरी मधल्या धारेवर. धार दोरीला पोट काढते, पोट लीडरला ओढतं, लीडर माशीला. माशीमागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक रेघ उमटते. मला ती १६ मीटरांवरून दिसतच नव्हती, माशाला नाकासमोर दिसत होती. खरा किडा पाण्याच्या वेगाने जातो, रेघ काढत नाही. याला ड्रॅग म्हणतात. उपाय मेंड: दोरी पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने तिचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचं. पण धारा जितक्या ओलांडाल तितके पोटाचे प्रकार वाढतात. “उंटावरून शेळ्या हाकू नकोस,” मावशी म्हणाली. “एका वेळी एकच धार.”

मला राग आला, हे नोंदवून ठेवते. सहा आठवडे मीटर मोजायला कुणी अडवलं नव्हतं.

गमावलेल्या माश्या: आजपर्यंत १४.

२६ एप्रिल, शनिवार

मोजायची गोष्ट बदलली. मीटर नाही, सेकंद. माशी पाण्यावर टेकल्यापासून रेघ उमटेपर्यंत किती सेकंद, ते तोंडाने मोजायचं. मोठी, पांढऱ्या शेंडीची माशी घेतली, दिसावी म्हणून. मासा लागो न लागो.

पहिल्या तासात: एक. एक. दीड. एक.

दोरी ताठ फेकली की एक सेकंदाच्या वर जात नाही. म्हणजे गवतावर कमावलेला तो सरळ, टणक, देखणा वळसाच अंगाशी येतोय. थोडी ढिली सोडली, फेक संपताना रॉडचं टोक प्रवाहाच्या वर वळवलं, की तीन. रॉड उंच धरून मधली धार दोरीला लागूच दिली नाही, की चार. शेवटी एकदा सहा! सहा सेकंद माशी पाण्याबरोबर, कुणाचीच नसल्यासारखी.

कुणीही वर आलं नाही.

३ मे, शनिवार

लागला होता.

खळाळाच्या शेपटाला, आठेक मीटरवर. चौथ्या सेकंदाला पाणी फुटलं, मी रॉड उचलली आणि वजन लागलं. जिवंत, डोकं झाडणारं वजन. अंगात शिरशिरी आली. तीन-चार सेकंद. मग सैल.

टिपेटचं टोक बघितलं. सरळ तुटलेलं नाही, डुकराच्या शेपटीसारखं गोल गोल वळलेलं. सरळ तुटलं तर धागा तुटला असं समजावं. वळलेलं असेल तर गाठ निसटली. म्हणजे दोष माझा, शंभर टक्के. घाईत तीनच वेढे घातले होते आणि ओलं करायचं राहिलं होतं.

माशाच्या ओठात माझी माशी राहिली याचं वाईट वाटतंय. बिनदाताची आहे, झटकून टाकेल अशी आशा.

४ मे, रविवार

वीस गाठी बांधल्या, प्रत्येक टेबलाच्या पायाला हुक अडकवून ओढली. अठरा धागा तुटेपर्यंत टिकल्या, दोन निसटल्या. निसटलेल्या दोन्ही बोलता बोलता बांधलेल्या.

११ मे, रविवार

गढूळ, चढलेलं पाणी. पुलावरूनच परत.

१७ मे, शनिवार

संध्याकाळी सहाला पोचले. पाणी १३ अंश, वारा पडलेला. मी मोठ्या डोहाकडे गेलेच नाही. खालच्या वळणावर, जिथे ओढा जेमतेम पाच पावलांचा आहे, तिथे काठावर बसून राहिले. मावशी असती तर खूश झाली असती. वीस मिनिटं काहीही केलं नाही. हे सोपं नाही. हातात रॉड असली की हाताला खाज सुटते.

मग करड्या पंखांच्या होड्या येऊ लागल्या. एक, चार, मग मोजता येईनात. मेफ्लायचे डन. काठावरचं एक झुडूप पाण्यावर ओणवलेलं आहे. त्याच्या फांदीच्या खालच्या अंगाला पाण्यावर टिकलीएवढं वर्तुळ उमटलं. उडी नाही, आवाज नाही. दारू चाखावी तसा एक घुटका. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तिथेच.

डब्यातून १६ नंबरच्या हुकावरची पॅराशूट अॅडम्स माशी काढली. ही मूळ माशी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलडे याने बांधली. चार्ल्स अॅडम्स नावाच्या मित्राने ती बोर्डमन नदीवर वापरली, मासे मिळाले आणि माशीला त्याचंच नाव पडलं. बांधणारा राहिला बाजूला. करडं अंग, तपकिरी आणि पट्टेदार पिसांचं मिश्रण. कुठल्याच एका किड्यासारखी नाही आणि थोडी थोडी सगळ्यांसारखी. पॅराशूट म्हणजे पीस पांढऱ्या शेंडीभोवती आडवं गुंडाळलेलं, त्यामुळे माशी पाण्याला पोट टेकून बसते आणि शेंडी मला दिसते. पाच वेढे, थुंकी, ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली.

खालच्या बाजूने पाण्यात उतरले ती गुडघ्यांवर. वाळूवरून रांगत, प्रत्येक पावलानंतर थांबत. (गुडघ्यांची पावलं म्हणायची का?) वर्तुळं चालूच होती. अंतर पाच मीटर असेल. तेवढ्यात रॉड आणि लीडरच पुरतात, लाइन रॉडच्या टोकाबाहेर दोन हात. इतक्या कमी लाइनने रॉड वाकत नाही, म्हणून फेक अशी झालीच नाही, नुसतं पुढे केल्यासारखं.

पहिली: फांदीच्या फार अलीकडे. मोजले तीन. माशी वर्तुळापर्यंत पोचलीच नाही.

दुसरी: बरोबर ओळीत, पण दुसऱ्याच सेकंदाला बारीक रेघ. मी श्वास धरून बसले. त्याने ती जाऊ दिली, आणि तिच्यामागून आलेला खरा डन घेतला.

मला तेव्हा रॉड उचलून लगेच पुन्हा फेकायची होती. फेकली नाही. माशी माझ्या जवळ वाहत येईपर्यंत थांबले, शेंडी वाळवली, त्याला आणखी दोन डन खाऊ दिले. दुसरा खाल्ल्यावर फेकली.

तिसरी: टिपेट जरा ढिलं, वळ्या पडलेलं. एक. दोन. तीन. फांदीची सावली. चार. आणि शेंडी नाही. पाणी फुटलं वगैरे काही नाही, शेंडी होती तिथे नव्हती. हात आपोआप वर गेला.

पुढचं नीट आठवत नाही, तरी लिहिते. तो आधी माझ्याकडेच आला, दोरी सैल पडली, मी हाताने भराभर ओढली. मग त्याने फांदीकडे धाव घेतली आणि मी रॉड आडवी केली, कडेने ओढ देण्यासाठी, कारण वर ओढून तो वळत नाही. दोरी उजव्या तर्जनीखाली होती, रीलची आठवणही झाली नाही. दोनदा वर येऊन डोकं झाडलं. एकदा पोट चमकलं, लोण्यासारखं पिवळट.

जाळी काठावर राहिली होती. हात आधी पाण्यात बुडवले, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला निघून येतो म्हणून. मग पोटाखाली तळवा.

ब्राउन ट्राउट. एक वीत आणि वर दोन बोटं. पाठ ऑलिव्हच्या तेलासारखी हिरवट, बाजूला काळे ठिपके, मधल्या रेषेवर थोडे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. पाठ आणि शेपूट यांच्या मध्ये तो इवलासा मांसल पर, ज्याला काटे नसतात, त्याच्या टोकाला केशरी छटा. पुस्तकात तो पर ट्राउटच्या कुळाची खूण म्हणून वाचला होता, पण केशरी असतो असं वाटलं नव्हतं. माशी वरच्या ओठाच्या कोपऱ्यात, बोटाने ढकलली तशी निघाली.

तोंड प्रवाहाकडे करून धरला. तो माझ्या हाताला टेकून उभा होता. कल्ले उघडत, मिटत. मी बोटं सैल केली तरी गेला नाही. मी मोजायला लागले, सवयीने. नवाला गेला. लांब नाही, फांदीखालीच.

मग मी काठावर बसले आणि अंधार पडेपर्यंत एकही फेक केली नाही. झुडपाखाली वर्तुळं पुन्हा सुरू झाली. तोच असेल असं नाही. असा मार खाल्लेला मासा इतक्यात खात नाही म्हणतात. म्हणजे तिथे दुसराही होता.

फोटो नाही. दोन्ही हात ओले होते.

१८ मे, रविवार

मावशीचा फोन. पहिला प्रश्न, “किती लांबून?”

“पाच मीटर.”

“मागून?”

“गुडघ्यांवर.”

“पँट फाटली?”

फाटली आहे. डाव्या गुडघ्यावर.

तिने मासा केवढा होता ते विचारलंच नाही. मीच सांगितलं, वीत आणि दोन बोटं. “आता रोज एकेक बोट वाढेल तो,” म्हणाली, “म्हणून आजच लिहून ठेव.” लिहिलं आहे.

रॉडचा दुसरा आणि तिसरा तुकडा एकमेकांत अडकले आहेत, उद्या थंड पाण्याचा हात लावून बघते. लाइन पुसली. अॅडम्सचं पीस एका बाजूने चावलं गेलंय, ती डब्यात वेगळ्या कप्प्यात. गमावलेल्या माश्या: २१. ५एक्स टिपेट संपत आलंय.

भिंतीवरच्या तक्त्यात कालचा ठिपका द्यायला गेले. तक्ता ७ मीटरपासून सुरू होतो. खाली कागदच नाही.